वजनाच्या ऑपरेशननंतर प्रोटीन पावडर: डबा निवडायचा कसा, कालवायचा कशात आणि कमी कधी करायचा

आईंसाठी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. आईंचं वय ५४. मुंबईत मिनी बायपास (जठर लहान करून आतड्याचा काही भाग टाळणारं, वजन उतरवायचं ऑपरेशन) होऊन तीन आठवडे झाले, आता त्या गुहागरजवळच्या गावी परत आल्यात. आहारतज्ज्ञांनी रोज ६० ते ७० ग्रॅम प्रोटीन सांगितलंय. चिपळूणच्या दुकानदारानं तीन डबे पुढे ठेवले: व्यायाम करणाऱ्यांचा मोठा डबा, ‘आजारपणानंतर ताकदीसाठी’ लिहिलेला एक आणि तिसरा वनस्पतीजन्य. पहिला आणला, तर वासानंच मळमळतं, प्यायल्यावर पोटात गॅस धरतो. त्यात पाऊस लागल्यापासून डब्यात गुठळ्या झाल्यात. मासेमारी बंद आहे. शेजारच्या काकी म्हणतात, पेज द्या, कुळथाची पिठी द्या, सोलकढी द्या, ही पावडर हवी कशाला?

काकींपासूनच सुरुवात करू, कारण घराघरांत हाच वाद असतो. पेज पचायला हलकी असते, पाणी पोटात जातं, चव ओळखीची असते, हे सगळं खरं. पण वाटीभर पातळ पेजेत प्रोटीन जेमतेम एक ग्रॅम. कुळीथ चांगला, १०० ग्रॅम पिठात साधारण २२ ग्रॅम प्रोटीन असतं. पण आईंना आज जी अर्धी वाटी पातळ पिठी जाते तिच्यात पीठ असतं फार तर १५ ग्रॅम, म्हणजे प्रोटीन तीन ग्रॅमच्या आसपास. नाचणीच्या १०० ग्रॅममध्ये सातच ग्रॅम, त्यामुळे आंबील भरवून आकडा गाठता येत नाही. सोलकढीत प्रोटीन नावालाच, नारळाच्या दुधाची चरबी मात्र भरपूर, आणि मिनी बायपासनंतर चरबी जास्त झाली की तेलकट, दुर्गंधीचे जुलाब होतात. वरणाचं वरचं पाणी आणि गाळलेलं चिकन सूप यांच्यावर लोकांचा विश्वास मोठा, प्रोटीन मात्र नगण्य. शहाळं पाणी म्हणून उत्तम. पण त्यातही साखर असते, म्हणून तासभर घोट घोट घ्यायचं, एका दमात नाही.

म्हणजे काकींचे पदार्थ सोडायचे नाहीत, पावडर त्यांच्यातच मिसळायची. ती कशी ते पुढे सांगतो.

पावडरीच्याही आधी पाणी. तीन आठवड्यांवर माणूस एका वेळी १०० ते १५० मिलिलिटरच घेऊ शकतो, तेही पंधरा-वीस मिनिटं लावून. दिवसाचे दीड लिटर द्रव भरायचे असतील तर जागेपणी दर तासाला साधारण १०० मिलिलिटर पोटात जायला हवेत. शेकमधलं, म्हणजे पावडर कालवलेल्या पेयातलं, पाणी या हिशोबात धरलं तरी चालतं. जूनमधल्या किनाऱ्यावरच्या दमट हवेत घाम न कळत जातो. लघवी गडद पिवळी झाली, उठताना डोळ्यांपुढे अंधारी आली, तर प्रोटीनचा आकडा त्या दिवसापुरता बाजूला ठेवा आणि पाणी भरून काढा. प्रोटीन एखादा दिवस ४५ ग्रॅमवर थांबलं तर बिघडत नाही, पाणी कमी पडलं तर सलाईनची वेळ येते. वाटलेलं किंवा घट्ट खाण्याच्या आधी अर्धा तास आणि नंतर अर्धा तास पाणी नाही, हा नियम तुम्हाला सांगितलाच असेल.

आकडा इतका मोठा का, तेही समजून घ्या, म्हणजे आईंना समजावता येईल. जठराची लहान नळी राहिलेली असते आणि मिनी बायपासमध्ये लहान आतड्याचा साधारण १५० ते २०० सेंटिमीटरचा भाग वळसा घालून टाळलेला असतो. खाणं कमी जातं आणि जे जातं त्यातलंही कमी शोषलं जातं. वजन झपाट्यानं उतरत असताना प्रोटीन कमी पडलं तर शरीर चरबीबरोबर स्नायूही मोडून वापरतं. काटा खाली येतो, घरचे खूश होतात आणि तीन महिन्यांनी माणसाला पायरी चढवत नाही. स्लीव्हवाल्यांना, म्हणजे फक्त जठर लहान केलेल्यांना, दिवसाला किमान ६० ग्रॅम, बायपासच्या प्रकारांत ६० ते ८०, आणि आतड्याचा फार मोठा भाग वगळलेला असेल तर ९० किंवा अधिक, असा साधारण हिशोब असतो. आईंचा आकडा त्यांच्या आहारतज्ज्ञांनी दिलाय, तोच धरा. मूत्रपिंडाचा त्रास असेल, क्रिएटिनिन वाढलेलं असेल, तर तो आकडा स्वतःहून वाढवू नका.

आता डबे. पुढच्या बाजूचं काहीही वाचू नका. डबा उलटा करा आणि १०० ग्रॅमचा रकाना शोधा. ‘एका सर्व्हिंगमध्ये’ हा रकाना फसवा असतो, कारण सर्व्हिंग कुणी २५ ग्रॅमचं धरतं, कुणी ५० ग्रॅमचं, आणि ताकदीच्या डब्यांत पुष्कळदा दुधासकट आकडा दिलेला असतो. म्हणजे दुधातलं प्रोटीनही पावडरीच्या खात्यावर. १०० ग्रॅमला ७५ ग्रॅमपेक्षा जास्त प्रोटीन असेल तरच ती आईंच्या कामाची प्रोटीन पावडर. ताकदीच्या डब्यांत हा आकडा बहुधा १५ ते ३५ असतो, उरलेला भाग साखर, माल्टोडेक्स्ट्रिन आणि दूध पावडर. २० टक्क्यांच्या पावडरीतून २५ ग्रॅम प्रोटीन मिळवायचं तर १२५ ग्रॅम पावडर पोटात जायला हवी. आईंच्या पोटात ती दिवसभरातही जाणार नाही, गेली तर त्रास देईल.

दुसरा आकडा साखरेचा, पण तेवढ्यावर थांबू नका. एकूण कर्बोदकंही बघा. माल्टोडेक्स्ट्रिन साखरेच्या ओळीत दिसत नाही, कर्बोदकांत दिसतं, आणि पोटात गेल्यावर वागतं साखरेसारखंच. बायपासनंतर असं गोड पेय पटकन आतड्यात उतरलं की दहा-तीस मिनिटांत धडधड, घाम, पोटात कळा, जुलाब सुरू होतात. यालाच डंपिंग म्हणतात. त्याचा उशिराचा प्रकार एक ते तीन तासांनी येतो: रक्तातली साखर एकदम उतरते, हात थरथरतात, डोकं हलकं होतं. आईंना मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर याचा विचार दुपटीनं करा. एका वेळच्या मापात साखर आणि एकूण कर्बोदकं दोन्ही पाच ग्रॅमच्या आत असावीत. सुक्रालोज आणि स्टीव्हिया चालतात. माल्टिटॉल, सॉर्बिटॉल अशी ‘टॉल’नं संपणारी नावं घटकांच्या यादीत वर दिसली तर तो डबा नको, गॅस आणि पातळ संडास ठरलेली.

तिसरं बघायचं ते घटकांच्या यादीतलं पहिलं नाव. जे सगळ्यात जास्त असतं ते पहिलं लिहितात. तिथे ‘व्हे प्रोटीन आयसोलेट’ हवं. व्हे म्हणजे दुधाच्या निवळीतलं प्रोटीन. त्याचे दोन प्रकार नेहमी मिळतात. कॉन्सन्ट्रेटमध्ये प्रोटीन साधारण ८० टक्के असतं आणि दुधातली साखर, लॅक्टोज, चार ते आठ टक्के राहते. आयसोलेटमध्ये प्रोटीन ९० टक्क्यांच्या आसपास, लॅक्टोज एका टक्क्याहून कमी. चवी घातलेल्या डब्यांत दोन्ही आकडे थोडे खाली येतात. बायपासनंतर ज्यांना आयुष्यभर दूध सोसलं त्यांनाही काही महिने लॅक्टोज सोसत नाही. आईंना पोट फुगतं याचं एक कारण हे असू शकतं, कारण व्यायामवाल्यांचा मोठा स्वस्त डबा बहुधा कॉन्सन्ट्रेटचा असतो. नाव ‘आयसोलेट’ असूनही यादीत ‘आयसोलेट व कॉन्सन्ट्रेटचं मिश्रण’ लिहिलेलं असतं, तेही तपासा. हायड्रोलायझ्ड म्हणून आणखी महाग प्रकार मिळतो. तो आधीच मोडलेला असतो, पण कडू लागतो. मळमळणाऱ्या माणसाला तो देण्यात अर्थ नाही.

दूध अजिबात चालत नसेल तर सोया आयसोलेट, किंवा वाटाणा आणि तांदूळ एकत्र केलेली पावडर. नुसत्या वाटाण्याच्या किंवा नुसत्या तांदळाच्या पावडरीत एखादं ना एखादं आवश्यक अमिनो आम्ल (प्रोटीन ज्यांचं बनतं तो घटक) कमी पडतं, एकत्र केलं की भरून निघतं. या पावडरी जरा रेताड लागतात आणि घट्ट होतात, म्हणून पाणी जास्त घालावं लागतं. तिसरा डबा अगदी टाकाऊ नाही, पण दुधाची खरीच अडचण नसेल तर पहिली निवड व्हेचीच: ल्युसिन नावाचं, स्नायू टिकवायला लागणारं अमिनो आम्ल त्यात जास्त आहे, आणि कमी पावडरीत काम होतं.

काही डबे सरळ परत ठेवायचे. ‘मास गेनर’ म्हणजे वजन वाढवायची साखर. ‘बीसीएए’ म्हणजे तीनच अमिनो आम्लं, ते पूर्ण प्रोटीन नव्हे. कॅफिन किंवा ग्रीन टीचा अर्क घातलेली ‘फॅट कटर’ पावडर नको. आणि कोलॅजन. ऑपरेशननंतर तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस गळायला लागतात, तेव्हा कुणीतरी कोलॅजन सुचवतंच. त्यात ट्रिप्टोफॅन हे आवश्यक अमिनो आम्ल नसतंच, म्हणून कोलॅजनचे ग्रॅम दिवसाच्या ६० मध्ये धरता येत नाहीत. हौस म्हणून घ्यायचं तर घ्या, हिशोबात नको. ते केस गळणं बहुतेकदा वजन झरझर उतरल्याचं असतं आणि काही महिन्यांत थांबतं. सहा महिन्यांनंतरही चालू राहिलं तर लोह, झिंक आणि प्रोटीन तपासायचं.

डबा खरा आहे का, ही शंका रास्त आहे. प्रयोगशाळेत प्रोटीन थेट मोजण्याऐवजी नायट्रोजन मोजून त्याला ठरावीक आकड्यानं, साधारण ६.२५ नं, गुणतात. म्हणून पावडरीत ग्लायसिन किंवा टॉरिन अशी स्वस्त अमिनो आम्लं मिसळली की कागदावर प्रोटीन वाढतं, डब्यात वाढत नाही. घटकांच्या यादीत ही नावं वेगळी लिहिलेली दिसली तर टाळा. २०२४ साली केरळमधल्या डॉक्टरांच्या पुढाकारानं भारतीय बाजारातल्या ३६ प्रोटीन पावडरी तपासल्या गेल्या, त्यातल्या सुमारे ७० टक्क्यांत लेबलवरची प्रोटीनची माहिती जुळत नव्हती. त्यामुळे निदान एवढं बघा: एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षेच्या सरकारी संस्थेचा) १४ आकडी परवाना क्रमांक, आयात माल असेल तर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, बॅच क्रमांक, तारीख, झाकणाखालचं न फाटलेलं सील. परवाना क्रमांक एफएसएसएआयच्या ‘फूड सेफ्टी कनेक्ट’ अ‍ॅपवर टाकून बघता येतो. सुट्ट्या पिशवीत भरून दिलेली पावडर, कितीही ओळखीच्या माणसानं दिली तरी, नको. डब्यावर ‘नॉट फॉर मेडिसिनल यूज’ वाचून मात्र घाबरू नका. पूरक आहाराच्या डब्यांवर तसं छापणं नियमानुसार बंधनकारक आहे.

किमतीचा हिशोब डब्यावर नाही, प्रोटीनच्या ग्रॅमवर करा. समजा, एक किलोचा डबा ३,२०० रुपयांना आणि प्रोटीन ८० टक्के: म्हणजे ८०० ग्रॅम प्रोटीन, ग्रॅमला ४ रुपये. दुसरा ४०० ग्रॅमचा डबा ६४० रुपयांना, प्रोटीन २० टक्के: म्हणजे ८० ग्रॅम, ग्रॅमला ८ रुपये. जो स्वस्त वाटतो तो दुप्पट महाग निघतो. तयार बाटल्या आणि टेट्रापॅकही याच मापानं मोजा. २०० मिलिलिटरमध्ये १५ ते २० ग्रॅम प्रोटीन आणि पाच ग्रॅमच्या आत साखर असेल तर प्रवासाला उत्तम. मुंबईला तपासणीसाठी जाताना गाडीत पावडर कालवत बसण्यापेक्षा ते बरं. गार फ्रिजमधून काढून लगेच प्यायला देऊ नका, कळ येते. फसफसणारं काही नको.

आता वासाचं. ऑपरेशननंतर जीभ आणि नाक बदलतात. पूर्वी आवडलेली गोड चव असह्य होते, व्हॅनिला आणि स्ट्रॉबेरीचे वास डोक्यात जातात. इथे हट्ट करून उपयोग नाही. बिनचवीचं, बिनगोडाचं आयसोलेट आणा आणि ते तिखटमिठाच्या पदार्थांत लपवा. कोकणातल्या स्वयंपाकाला हे फार सोपं जातं. कुळथाची पिठी, मुगाचं पातळ वरण, ताकाची कढी, मऊ पेज, कोंबडीचं गाळलेलं सार, यांपैकी कशातही अर्धा स्कूप (डब्यातला मापाचा चमचा) मावतो. फक्त चुलीवरून उतरवल्यावर, बोट बुडवून सहन होईल इतकं निवलं की मगच घालायचा. साधारण ७० अंशांच्या पुढे व्हे फुटतं, त्याच्या रबरासारख्या गाठी होतात. पोषण जात नाही, पण गाठी गिळवत नाहीत आणि अरुंद नळीत अडकल्यासारखं होतं. कालवलेला पदार्थ पुन्हा उकळायचा नाही, त्याचं कारणही हेच. चवीला हिंग, जिरं, किंचित आलं चालेल. तिखट आणि चिंच सध्या बेतानं.

कोकमाचाही उपयोग होतो, पण अजून थोडं थांबा. साखरेचं सरबत नाही, बिनसाखरेचं आगळ, भरपूर पाण्यात अर्धा चमचा. आंबटात दूध किंवा दुधाची पावडर फाटते, कारण त्यातलं केसीन नावाचं प्रोटीन आम्लात घट्ट होतं. व्हे मात्र आम्लातही विरघळलेलं राहतं, म्हणून बिनचवीचं आयसोलेट कोकमाच्या पाण्यात चालतं. थोडं तुरट लागतं, पण गोड शेकनं ओकारी येणाऱ्यांना हे बरेचदा चालून जातं. सहा आठवडे झाल्यावर, जळजळ होत नसेल तर, दोन घोटांनी सुरुवात करून बघा.

गॅसचं दुसरं कारण फेस. शेकरमध्ये जोरात हलवलं, मिक्सरमध्ये फिरवलं, रवीनं घुसळलं की हवा भरते आणि ती हवा आईंच्या पोटात जाते. आधी वाटीत पावडर घ्या, त्यावर दोन चमचे कोमट पाणी घालून काट्यानं गुळगुळीत लेप करा, मग थोडं थोडं पाणी किंवा दूध घालत पातळ करा. दहा मिनिटं ठेवा, वरचा फेस चमच्यानं काढा, चहाच्या गाळणीतून गाळा. स्ट्रॉ नको, तिच्यातूनही हवा जाते. माप स्कूपनं न धरता एकदा किराणाच्या वजनकाट्यावर बघून घ्या. दाबून भरलेला आणि सैल भरलेला स्कूप यांत पाच-सहा ग्रॅमचा फरक सहज पडतो. सध्या एका वेळी १५ ग्रॅम पावडर, म्हणजे साधारण अर्धा स्कूप, १२० ते १५० मिलिलिटरमध्ये, इतकंच. पूर्ण स्कूप एकदम दिला की दाट होतो, आतड्यात पाणी ओढतो आणि मळमळ परत येते.

डब्यातल्या गुठळ्या. व्हे हवेतली ओल ओढून घेतं, आणि जून ते सप्टेंबर किनाऱ्यावर ओलीशिवाय दुसरं काय असतं! बोटांनी दाबल्यावर भुगा होणारी, वास न बदललेली गुठळी चालते, चाळून घ्या. दगडासारखी घट्ट, पिवळट-तपकिरी झालेली, आंबूस किंवा खवट वासाची, किंवा ठिपके दिसणारी असेल तर अख्खा डबा टाका. वरचा थर काढून खालची वापरण्याची काटकसर नको, बुरशीचं विष डोळ्यांना दिसत नाही. नवा डबा आणला की आठवड्याची पावडर रबरी कड असलेल्या घट्ट झाकणाच्या लहान बरणीत काढा आणि मोठा डबा पुन्हा नीट बंद करा. आतली सिलिका जेलची पुडी फेकू नका. चमचा कोरडा हवा, वाफाळत्या टोपावर डबा धरून पावडर घालायची नाही. फ्रिजमध्ये ठेवू नका: गार डबा बाहेर काढून उघडला की आत दव धरतं. दिवसाला ३० ग्रॅम धरले तर एक किलो महिनाभर पुरतो, पावसाळ्यात त्याहून मोठा डबा घ्यायचा नाही. आणि नवीन चव घेण्याआधी एका वेळच्या पुड्या मिळतात त्या मागवा. कुरिअरला उशीर होतो म्हणून डबा निम्मा झाला की पुढची मागणी नोंदवा.

कालवलेलं पेय खोलीत तासाभरात संपवायचं. फ्रिजमध्ये चार-पाच तास ठीक, पण वीज गेली आणि फ्रिज बंद पडून होता तर ओतून टाका. विहिरीचं पाणी पावसाळ्यात गढूळ होतं. ते गाळून, उकळून, निववलेलंच वापरा, आईंना आता जुलाब परवडणारे नाहीत.

दिवस कसा बसतो ते बघू. आईंचा टप्पा सध्या पातळ ते वाटलेलं असा असणार. सकाळी सातला १५० मिलिलिटर साय काढलेल्या दुधात अर्धा स्कूप: दुधाचे ५ आणि पावडरीचे १२, मिळून १७ ग्रॅम. दूध बाधत असेल तर लॅक्टोज नसलेलं दूध किंवा नुसतं पाणी घ्या. दहाला पातळ पिठीत अर्धा स्कूप: १५. एकला मऊ शिजवून वाटलेलं अंडं किंवा ४० ग्रॅम मासा: ७. चारला दह्याचा १०० ग्रॅम चक्का थोड्या पाण्यात सारखा करून, बिनसाखरेचा: ८. सातला मुगाच्या घट्ट वरणात ३० ग्रॅम ताजं पनीर वाटून: ८. रात्री नऊला १५० मिलिलिटर दूध: ५. झाले ६०. मधल्या वेळात पाणी. सुरुवातीला यातलं चाळीस-पंचेचाळीसच जाईल, दर आठवड्याला थोडं वाढवत न्या आणि काय गेलं ते वहीत लिहा. आठवणीवर विसंबलं की जेवढं दिलं तेवढं मोजलं जातं, जेवढं खाल्लं तेवढं नाही.

मासळीचं. यांत्रिक नौकांची मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद असते, म्हणून आत्ता पावडरीवर भार जास्त राहणार. चढणीचे मासे येतील, कुणी प्रेमानं आणूनही देईल, पण ते काटेरी असतात. त्यांचं सार गाळून चवीपुरतं द्या, मांस नको. सुकी सुकट आणि सुका बोंबील प्रोटीननं भरलेले, पण मीठ फार आणि चिवट. दोन महिन्यांच्या आत नकोच. पुढे भिजवून, मीठ काढून, बारीक करून थोडं चालेल. बंदी उठल्यावर पहिली मुडदुशी: आजाऱ्याला आणि बाळंतिणीला तीच का देतात हे खाल्ल्यावर कळतं. मग पापलेट, सुरमई वाफवून, काटा तपासून, कुस्करून. कच्च्या १०० ग्रॅमला १८ ते २० ग्रॅम प्रोटीन. ताजा बोंबील मऊ असला तरी त्यात पाणीच जास्त, प्रोटीन निम्मंच धरा. कोळंबी, तिसऱ्या, कुर्ल्या रबरासारख्या चावल्या जातात आणि अडकतात, त्या तीन महिन्यांनंतर. तळलेलं नाही.

श्रावणात मासे-मटण बंद होईल, उपास येतील. साबुदाण्यात प्रोटीन जवळजवळ नसतं आणि त्याची खिचडी चिकट बसते. उपास मोडायचा नसेल तर दूध, चक्का, पनीर आणि व्हे हे चारही उपासाला चालतात. तरी पहिले तीन महिने कडक उपास नको. गणपतीत उकडीचा मोदक समोर येईल, त्यातल्या गुळाच्या चुणानं डंपिंग होतं. वासासाठी चिमूटभर पारीची कड चाखली तर ठीक.

गोळ्यांच्या वेळा पावडरीशी जुळवून घ्या. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी, दुधाचा किंवा सोयाचा शेक तासाभरानंतर, आणि कॅल्शियम-लोह त्या गोळीपासून चार तास दूर. लोहाची गोळी दूध, शेक आणि कॅल्शियम यांच्यापासून दोन तास लांब. पावडरीच्या डब्यावर ‘२५ जीवनसत्त्वं’ छापलेली असली तरी डॉक्टरांनी दिलेल्या बी-१२, लोह, कॅल्शियम सायट्रेट, ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या थांबवायच्या नाहीत, तो पुरवठा डब्यातून पुरत नाही.

आणि हे फोन करण्याचे प्रसंग: दिवसभर पाण्याचा घोटही टिकत नाही, दोन दिवस उलट्या थांबत नाहीत, ताप, नाडी जलद, पोटात तीव्र दुखणं. यात पावडर बदलून बघत बसू नका, ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांना लगेच कळवा. गावात सलाईन लावायची वेळ आली तर तिथल्या डॉक्टरांना ऑपरेशनचा कागद दाखवा आणि आधी थायमिन (ब-१ जीवनसत्त्व) द्यायला सांगा. अनेक दिवस उलट्या झालेल्या माणसाला थायमिनशिवाय ग्लुकोज गेलं तर मेंदूला इजा होऊ शकते. चालताना तोल जाणं, एकाच्या दोन वस्तू दिसणं, पायांना मुंग्या या त्याच्या खुणा. पावलांवर सूज येऊन बोटानं दाबल्यावर खळगा राहत असेल, तर प्रोटीन फार कमी पडल्याची शंका घ्यायची आणि रक्त तपासायचं. अल्ब्युमिन, म्हणजे रक्तातलं मुख्य प्रोटीन, ३.५ च्या खाली गेलेलं दिसेपर्यंत उशीर झालेला असतो, म्हणून त्या एका आकड्यावर निर्धास्त राहू नका.

पावडर किती दिवस? दोन महिन्यांनी मऊ जेवण जायला लागलं की आधी प्रोटीनचा घास, मग भाजी, मग उरलेल्या जागेत भात, हा क्रम ठेवा आणि वहीत अन्नातून ५० ग्रॅम नियमानं दिसायला लागले की एक अर्धा स्कूप काढा. आठवड्यानं दुसरा. सहा-आठ महिन्यांनंतरही सवयीनं दिवसाला दोन-तीन शेक चालू राहिले तर ते झटकन उतरतात, पोट भरल्यासारखं वाटत नाही आणि वजन अडतं. चावून खाल्लेलं अंडं किंवा मासा पोटात जास्त वेळ राहतो. डबा पूर्ण बंद करण्याची मात्र घाई नको. पुढच्या जूनमध्ये मासळी बंद झाली, किंवा तापानं चार दिवस जेवण सुटलं, की एक लहान पाकीट घरात असलेलं बरं. आत्ता हातातल्या डब्याचं काय करायचं, तर गुठळ्या दगडासारख्या घट्ट असतील तर तो टाकाच. बिनचवीच्या आयसोलेटच्या चार-पाच पुड्या मागवा आणि पहिली कुळथाच्या पिठीत घालून बघा.